बाहेर राहिलेले आटे

आमच्या हँगरमध्ये इंजिनावरचा प्रत्येक जोड आवळून झाला की त्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढतात. अर्धी जोडावर, अर्धी इंजिनाच्या अंगावर. पुढे तो जोड जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि बघणाऱ्याला कळतं. हे सगळीकडेच करतात, त्यात आमचं विशेष काही नाही. आमचं विशेष म्हणजे अप्पांचा, माझ्या वडिलांचा, नियम. इंजिनावरची शेवटची रेघ जो ओढेल, त्याने त्या विमानाच्या पहिल्या उड्डाणात वैमानिकाशेजारी बसायचं. आपल्या कामावर आपण बसायचं असलं की हात आपोआप नीट चालतात, असं अप्पांचं म्हणणं.

नियम इतका चांगला की शेवटच्या रेघेची वेळ आली की सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवतात. माझ्या दादाला फोन येतो. माझ्या नवऱ्याची कुठलीतरी वायर तपासायची राहिलेली असते. मी तर तपासनीस. सही करणारा आणि रेघ ओढणारा एकच असता कामा नये, हा दुसरा नियम मी स्वतःच काढला, आणि तो इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितला की आजवर कोणी उलट प्रश्न केलेला नाही. खरं कारण एवढंच की विमानात बसलं की मला मळमळतं. इंजिनांवर आयुष्य काढलेल्या बाईने हे चारचौघांत बोलायचं नसतं.

म्हणून शेवटची रेघ वर्षानुवर्षं अप्पाच ओढत आले. हँगर त्यांनी उभं केलं, नियम त्यांनी केला आणि पहिली उड्डाणंही सगळी त्यांनीच लाटली. उतरल्यावर दिवसभर आम्हाला ऐकवायचे: इंजिन कसं गुरगुरलं, ढग कसे होते, वैमानिक किती कच्चा होता. अप्पांच्या मते जगातले सगळे वैमानिक कच्चे आहेत.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात हलायला लागला.

आमचं घर फार प्रेमळ आहे. इतकं प्रेमळ, की कोणाच्या तोंडावर कोणी काही बोलत नाही, जे करायचं ते पाठीमागे. अप्पांचा चहा बशीत सांडतो हे दिसल्यावर वहिनी त्यांना अर्धा कप चहा द्यायला लागली. अप्पा म्हणाले, "दूध महागलंय का?" ती म्हणाली, "हो ना." दादाने बारीक स्क्रूंचे डबे वरच्या फळीवर ठेवले, जिथे अप्पांचा हात पोचत नाही. माझ्या नवऱ्याने त्यांच्या टेबलावरचा दिवा बदलून मोठा लावला आणि जुना बिघडला म्हणून सांगितलं. तो दिवा बिघडलेला नव्हता. अप्पांना हे सगळं कळत होतं की नाही, हे कोणी त्यांना विचारलं नाही. विचारणं म्हणजे बोलणं झालं असतं.

शेवटी बोलले मीच. घरात सगळ्यांत वाईट तोंड माझं आहे आणि कधीतरी ते उपयोगी पडतं. दातवाल्या डॉक्टरांच्या विमानाचं इंजिन आम्ही पूर्ण खोलून पुन्हा जुळवत होतो. तेलाच्या नळीचं एक फिटिंग तेवढं बसवायचं राहिलं होतं. मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, हे शेवटचं तुम्ही बसवा. नीट बसलं तर सगळं आहे तसं चालू राहील. नाही बसलं तर हत्यारांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे द्यायची."

ती किल्ली अप्पांच्या पट्ट्याला काळ्या दोरीने बांधलेली असते. मला आठवतंय तेव्हापासून. त्यांनी दोरी चाचपली आणि म्हणाले, "परीक्षा घेतेस माझी, चिमे?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. कोणीतरी विचारलं तरी." आणि ते हात धुवायला गेले.

माझा पन्नाशीकडे प्रवास चालू आहे, पण घरात मी अजून चिमीच आहे.

त्या फिटिंगविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचा तमाशा कळणार नाही. फिटिंग म्हणजे बोटाएवढी एक धातूची नळी. एका टोकाला आटे, मधे पाना लावायला षट्कोनी मान, दुसऱ्या टोकाला तेलाचा पाइप. साध्या स्क्रूचे आटे टोकापासून डोक्यापर्यंत एकसारखे जाड असतात. याचे तसे नसतात. हे आटे निमुळते. टोकाला बारीक, मानेकडे जाड. जसजसं आत फिरवावं तसतसं ते भोकात गच्च होत जातं आणि त्या गच्चपणानेच तेल अडतं. ठरलेला जोर लागला की थांबायचं. तेव्हा मानेखालचे दोन-तीन आटे बाहेर राहिलेले दिसतात. ते राहायलाच हवेत. पूर्ण आत गेलं, तर समजायचं की कोणीतरी काहीतरी फोडलंय. इंजिनाचा तो भाग ओतीव ॲल्युमिनियमचा असतो आणि ओतीव ॲल्युमिनियमला जबरदस्ती खपत नाही.

हे मला माहीत आहे. अप्पांना माहीत आहे. कामाच्या पुस्तकात चित्र काढून दाखवलंय, आणि ते पुस्तक फळीवर चहाच्या ट्रेखाली ठेवलेलं असतं, ट्रे डगमगू नये म्हणून.

त्या सकाळी मला मुलीच्या शाळेत बोलावलं होतं. मुलगी वर्गात बाईंना उलट उत्तरं देते, अशी तक्रार होती. मी बाईंना सांगितलं की हे कुठून आलं असेल याची मला कल्पना नाही. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना चांगलीच कल्पना आहे. तो अपमान पदरात घेऊन मी दुपारी हँगरला परत आले.

अप्पा दाराबाहेर बाकावर ऊन खात बसले होते. चेहऱ्यावर पास झालेल्या मुलाचे भाव. "जा, बघून ये," म्हणाले, आणि माझ्या मागोमाग आत आले.

आत दादा, माझा नवरा आणि दातवाले डॉक्टर इंजिनाजवळ उभे होते. तिघेही मला बघून हसले. तीन पुरुष एकदम हसले की मी आधी आग कुठे लागलीय ते बघते.

फिटिंग मानेपर्यंत आत गेलं होतं. एकही आटा दिसत नव्हता.

मी बॅटरी घेतली, खाली वाकले. भोकाच्या कडेपासून खाली, केसाएवढी एक काळी रेषा. नख फिरवलं, नख अडकलं. तडा.

"अप्पा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"एवढं आवळतात का? मानेपर्यंत गेलंय. तडा गेलाय त्याला."

"मी एवढं आवळलेलं नाही," अप्पा म्हणाले. ठणकावून म्हणाले. आवाजात जरासुद्धा कंप नव्हता.

"मग काय आपलं आपण आत गेलं?"

दादा छताकडे बघायला लागला. नवरा एका वायरची गुंडाळी सोडून पुन्हा गुंडाळायला लागला. डॉक्टरांना मोबाइलवर कसला तरी महत्त्वाचा निरोप आला, जो मोबाइल बंद असूनही वाचता येत होता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण शाळेतल्या बाईंचा राग अजून उतरला नव्हता आणि तो उतरवायला समोर आयतं कोणीतरी सापडलं होतं.

"रेघसुद्धा ओढली नाहीत," मी म्हटलं. "जन्मभर आम्हाला रेघ रेघ म्हणून पिडलंत आणि स्वतः विसरलात. वर हा रंग सांडून ठेवलाय. बघा, इंजिनावर ओघळलाय."

अप्पा जवळ आले. खिशातून चष्मा काढला, लावला आणि वाकून त्या लाल ओघळाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता उसळतील. अप्पा कोणाचं ऐकून घेणारे नाहीत. पण ते सरळ झाले, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि पट्ट्याची काळी दोरी सोडायला लागले. गाठ लवकर सुटेना. कोणी मदत करायला पुढे आलं नाही, तेवढी अक्कल निदान तिघांना होती. गाठ सुटली. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"धर," म्हणाले, आणि बाहेर गेले.

मी जिंकले होते म्हणायचं. अटीप्रमाणे सगळं झालं होतं. जिंकल्याचा आनंद मात्र कुठे सापडेना. तो शोधायला मी माणसाने जे करावं ते केलं. तिघांवर ओरडले. "बघत काय उभे आहात? पाना द्या."

फिटिंग काढायला मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला आणि तिथेच मी थबकले. हात हलणाऱ्या म्हाताऱ्याने हे एवढं आवळलं? पाना फिरवत फिरवत मी ते सोडवायला लागले, आणि जसं ते फिरलं तशी त्याची खालची बाजू वर आली. खालच्या बाजूवर लाल रंग होता.

सगळीकडे नव्हता. मानेच्या एका कडेवर, एका जागी. एक वळवळती लाल रेषा, कडेपर्यंत येऊन थांबलेली. मी फिटिंग तसंच मागे फिरवत नेलं, जोपर्यंत ती रेषा इंजिनावरच्या त्या ओघळापाशी आली नाही तोपर्यंत. दोन्ही तुकडे जुळले. जुळले तेव्हा फिटिंगचे दोन आटे आणि तिसऱ्याचा काही भाग बाहेर होता.

इंजिनावर रंग सांडलेलाच नव्हता. ती रेघ होती. अप्पांनी फिटिंग अगदी जिथे थांबवायला हवं तिथे थांबवलं होतं, त्यावर हलत्या हाताने रेघ ओढली होती, आणि त्यानंतर कोणीतरी ते फिरवलं होतं.

मी पाना खाली ठेवला. हळूच ठेवला. माझा नवरा म्हणतो की मी वस्तू आपटते तेव्हा ठीक असतं, हळूच ठेवते तेव्हा पळावं. तो पळाला नाही, कारण दार माझ्या बाजूला होतं.

"कोणी?" मी विचारलं.

"काय कोणी?" दादा म्हणाला.

"दादा."

"अगं, थोडंसंच," दादा म्हणाला.

आता तिघांनी मिळून काय केलं ते सांगते. मला ते तुकड्या-तुकड्यांनी कळलं, प्रत्येक तुकडा तोंडातून ओढून काढावा लागला, आणि डॉक्टरांकडून काढताना मला विशेष आनंद झाला.

अप्पा काम संपवून बाहेर बाकावर गेले, तेव्हा तिघे इंजिनाभोवती जमले. आटे बाहेर दिसत होते. ते बघून तिघांच्या काळजाचं पाणी झालं. अप्पांना जमलं नाही! बिचारे अप्पा! मग तज्ज्ञांची बैठक भरली. दादा पत्र्याचा माणूस, पंख आणि शेपटी त्याच्याकडे. त्याच्या जगात स्क्रू डोक्यापर्यंत बसला नाही म्हणजे काम अर्धवट. त्याने निदान केलं की आट्यांत घाण अडकली असणार. माझा नवरा विजेचं काम बघतो. त्याच्याकडे प्लग पूर्ण आत जाऊन टक् वाजल्याशिवाय बसलाच नाही असं धरतात. त्याच्या मते चुकीच्या मापाचं फिटिंग आलं होतं. त्याने जुनं फिटिंग आणून दोन्हींच्या माना यंत्राने मोजल्या, माप तेच निघालं, तेव्हा तो म्हणाला की माप घ्यायचं यंत्रच बिघडलं असेल. डॉक्टर जबड्याच्या हाडात कृत्रिम दातांचे स्क्रू बसवतात. आपल्या क्षेत्रातही हीच समस्या येते, असं सांगून त्यांनी दोघांना बराच वेळ माहिती दिली. मग मोबाइलवर एक व्हिडिओ बघण्यात आला. त्यात एक दाढीवाला माणूस अशाच एका फिटिंगविषयी काहीतरी जीव तोडून सांगत होता. त्याची भाषा तिघांपैकी कोणालाच येत नव्हती, पण तो मान जोरजोरात हलवत होता. तो होकार देतोय असं बहुमताने ठरलं.

चहाचा ट्रे कोणी उचलला नाही. दाराबाहेर ऊन खात बसलेल्या माणसाला कोणी विचारलं नाही.

शेवटी एकमताने ठरलं की आपण हात लावायचा नाही, चिमी येऊन बघेल. आणि अप्पांना मात्र काही बोलायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. बैठक संपली. सगळे आपापल्या कामाला गेले. मग एकेक जण, दुसऱ्याची नजर चुकवून, परत आला.

आधी दादा आला. अप्पा नापास होऊ नयेत म्हणून त्याने पाना लावला आणि थोडंसंच फिरवलं. "अगं, जन्मभराचा मान जाईल त्यांचा, म्हणून," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग माझा नवरा आला. दादाने फिरवलेलं त्याला माहीत नव्हतं. त्याला दिसलं की अजून एक-दीड आटा बाहेर आहे. सासऱ्यांविषयी त्याला भलताच उमाळा आहे, माझ्या वडिलांनी मला त्याला दिली याबद्दल तो अजून आभार मानत असतो. त्यानेही थोडंसंच फिरवलं. शेवटी डॉक्टर आले. एवढंसं तर राहिलंय, म्हातारा माणूस आहे, आपलंच विमान आहे, असा उदार विचार करून त्यांनी उरलेलं आत घातलं.

"काही जाणवलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"जाणवलं ना," डॉक्टर म्हणाले. "बारीकसा टक् असा आवाज आला. मला वाटलं, बसलं."

त्या दिवसापासून मी दात दुसरीकडे दाखवते.

"आणि रेघ?" मी म्हटलं. "लाल रेघ दिसत होती ना तुम्हाला? ती तोडून फिरवलंत?"

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. यावेळी मात्र नाटक नव्हतं.

"ती रेघ होती?" दादा म्हणाला. "मला वाटलं, हात हलून रंग सांडला."

 मलाही तेच वाटलं होतं. आणि मी ते अप्पांच्या तोंडावर, ओरडून म्हटलं होतं.

मी किल्ली उचलली आणि बाहेर गेले. तिघे मागोमाग निघाले, त्यांना मी नुसत्या बोटाने थांबवलं.

अप्पा बाकावरच होते. समोर धावपट्टीवर एक शिकाऊ विमान उतरत होतं, आपटत, उड्या मारत. अप्पांनी तिकडे बघून नेहमीसारखं "कच्चा आहे" म्हटलं नाही. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. कोण कधी आलं, कोणी किती फिरवलं, टक् आवाज, सगळं. माफीही मागितली. मला ती नीट मागता येत नाही. भांडल्यासारखीच येते.

"तिघांनी?" अप्पा म्हणाले.

"तिघांनी."

"एकालाही बाहेर येऊन मला विचारावंसं वाटलं नाही? मी इथेच बसलो होतो ना."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मग आता काय वाटतंय म्हणतेस?"

मी किल्ली या हातातून त्या हातात केली. 

"अप्पा, पण तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "मी म्हटलं रेघ ओढली नाही, तेव्हा म्हणायचं ना, ओढलीय म्हणून. माझं थोबाड फोडायचं. किल्ली काय ठेवलीत लगेच?"

अप्पांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता, वर डावा हात दाबून. "आवळण्याचं मी मान्य केलंच नाही, आठव. ते मी केलेलं नव्हतंच. पण तू म्हणालीस रंग सांडला. मी चष्मा लावून बघितलं." ते धावपट्टीकडे बघायला लागले. "मलाच ओळखू आली नाही गं ती रेघ. मीच ओढलेली. माझी रेघ माझ्या पोरीला सांडलेला रंग वाटते आणि मलाही वाटते, तर किल्ली ठेवून काय करू?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "रेघ सरळ असावी असं कुठे लिहिलंय?" मी म्हटलं. "ती काय शोभेला असते? सलग असली की झालं. जुळवून बघितली मी, कुठेही खंड नाही. फिटिंग कुठे थांबवलं होतं ते त्या वाकड्या रेघेनेच मला सांगितलं. नाहीतर तुमची तीन गुणी माणसं आयुष्यभर तोंड उघडत नव्हती."

"हे माझी समजूत घालायला सांगतेस, की तपासनीस म्हणून?"

"तपासनीस म्हणून. समजुती घालायला आत तिघे आहेत."

अप्पा हसले. मोठ्याने नाही, पण हसले. "आणि हात?" त्यांनी विचारलं.

"हात हलतोय," मी म्हटलं. "पान्यावर जोर आला की थांबतो. ब्रश हलका आहे, तिथे थांबत नाही. आज असं आहे. पुढच्या वर्षी कसं असेल, मला माहीत नाही."

गेल्या हिवाळ्यापासून घरातल्या कोणीही 'हलतोय' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला नव्हता. अप्पांनी नुसती मान हलवली, आणि वरचा डावा हात काढून घेतला.

इंजिनाचा तो ओतीव भाग डॉक्टरांनी नवा मागवला. मागवताना ते एक शब्द बोलले नाहीत, आणि डॉक्टर बोलले नाहीत ही आमच्याकडची मोठी घटना. नवा भाग आला, मी बसवला, तपासला. मग अप्पांना हाक मारली. किल्ली माझ्याच खिशात होती, म्हणून कपाट मी उघडलं आणि बाजूला झाले. पाना अप्पांनी निवडला.

दादा, नवरा आणि डॉक्टर यांना मी समोर ओळीने उभं केलं होतं, हात पाठीमागे बांधून. शाळेतल्या बाईंकडून मी काहीच शिकले नाही असं नाही. अप्पांनी फिटिंग आधी बोटांनी फिरवलं, मग पान्याने. पान्यावर जोर आला आणि हात स्थिर झाला. तिघेही ते बघत होते. त्यांनी ते याआधी बघितलंच नव्हतं, कारण अप्पांचा हात दिसला की सगळे दुसरीकडे बघायचे. ठरलेल्या जोराला पाना कट्ट वाजला. अप्पांनी तो काढून घेतला.

"या इकडे," ते म्हणाले. "हे काय आहे?"

"आटे," दादा म्हणाला.

"बाहेर आहेत की आत?"

"बाहेर."

"मग?"

"राहू द्यायचे," तिघे एका सुरात म्हणाले.

अप्पांनी लाल रंगाची बाटली उघडली. ब्रश बाहेर काढला आणि तो हलायला लागला. दादाच्याने राहवेना. "अप्पा, मी हात धरू का?" म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून घाबरला. पण अप्पा रागावले नाहीत. "बघ, असं विचारायचं असतं," ते म्हणाले. "नको धरूस." आणि त्यांनी रेघ ओढली, मानेवरून खाली इंजिनावर. ती आधीपेक्षाही वाकडी आली, मधे एक मोठा झोका घेऊन, पण कुठेही तुटली नाही. मी बॅटरी लावून दोनदा बघितली आणि सही केली.

नियमाप्रमाणे पहिल्या उड्डाणात अप्पा बसले. डॉक्टर वैमानिक. विमान गरम होत होतं तेव्हा मी पंखाच्या मागे उभी होते आणि काच अजून उघडी होती. डॉक्टरांनी कसल्या तरी बटणाकडे हात नेला. अप्पांनी त्यांचं मनगट धरलं, त्याच हलत्या हाताने, आणि इंजिनाच्या आवाजापेक्षा वर आवाज काढून ओरडले, "काय करणार आहात ते आधी मला सांगा!" डॉक्टरांनी सांगितलं. आणि मग उड्डाणभर प्रत्येक गोष्ट सांगतच होते म्हणे. उतरल्यावर घसा बसला होता त्यांचा. अप्पा संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ऐकवत होते की वैमानिक कच्चा आहे, पण बोलतो छान.

घरी जाण्याआधी मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "घ्या. अट तुम्ही पुरी केलीत."

त्यांनी घेतली नाही. "तुझ्याकडे राहू दे. रोज सकाळी मी मागेन. ज्या दिवशी द्यावीशी वाटणार नाही, त्या दिवशी तोंडावर नाही म्हण. दूध महागलंय असलं काही सांगू नकोस."

म्हणजे अर्ध्या कपाचंही कळलेलं होतं.

"म्हणेन," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, अप्पा."

दुसऱ्या दिवशी ते आले. वहिनीला सांगून पूर्ण कप चहा घेतला, थोडा बशीत सांडला, बशीतलाही प्यायले. मग माझ्या टेबलासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. दादा लगेच दुसरीकडे बघायला लागला. मी नाही. मी त्या हाताकडे त्यांच्यादेखत, नीट, हवा तेवढा वेळ घेऊन बघितलं. तो हलत होता. अप्पा थांबून होते, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "आज हो."